पोकलेनमधला खंडोबा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण कुठे पोकलेन उभं दिसलं की मी अजूनही आधी त्याच्या केबिनमध्ये डोकावतो. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू आहे, तिथला ऑपरेटर तर मला चक्रमच समजत असावा. समजू दे. या सवयीमागे एक प्रकरण आहे, आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी कल्याणच्या ग्रामीण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. टिटवाळ्याच्या पुढचं एक आगरी गाव आमच्या हद्दीत येत असे. गावामागच्या टेकडीवर खडीची खाण काढायचा प्रस्ताव आला आणि गाव विरोधात उभं राहिलं. खडी लागतेच, हे मलाही कळतं. घोडबंदर रोडचे टॉवर काही हवेतून उभे राहत नाहीत. पण टेकडीच्या पायथ्याशी गावाची विहीर होती, काकडी-भेंडीचे मळे होते. सुरुंग लागले की विहिरीचं पाणी जाईल, ही लोकांची भीती खोटी नव्हती.

विरोधाचं सगळं ओझं एका बाईंनी उचललं होतं. साठीच्या घरातल्या, कल्याणच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. अख्खं गाव त्यांना काकी म्हणे, म्हणून मीही काकीच म्हणतो. गावातले पुरुष आपसात मोठमोठ्याने बोलत, पण साहेब समोर आला की एकमेकांच्या मागे सरकत. काकी सरकत नसत. परवानगी मिळायच्या आधीच कंत्राटदाराने ‘रस्ता साफ करायला’ म्हणून पोकलेन आणलं, तेव्हा त्या सरळ मशिनसमोर मांडी घालून बसल्या. आम्ही बंदोबस्ताला होतो. ऑपरेटर सोलापूरकडचा. त्याने इंजिन बंद केलं, केबिनमध्ये समोर बसवलेल्या पितळी खंडोबाला हात जोडले आणि खाली उतरला.

“मावशी उठल्याबिगर मी मशिन हलवत न्हाई,” तो मुकादमाला म्हणाला.

पुढे दुसऱ्या वाटेने मशिन टेकडीवर गेलंच, पण तो माणूस माझ्या लक्षात राहिला.

खाणीबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला सरकारी जनसुनावणी लागली. ती तोंडावर असतानाच एका संध्याकाळी ठाण्यात फोन आला: टेकडीवर मशिन जळतंय. आम्ही पोहोचेपर्यंत पोकलेनचा सांगाडा उरला होता.

फिर्याद कंत्राटदाराच्या मुकादमाने दिली. काकींच्या पुढाकाराने जमाव घोषणा देत आला, दगडफेक केली, डिझेल ओतून मशिन पेटवलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणून ऑपरेटरचा जबाब होता: दगड यायला लागले तशी मी केबिनमधून उडी मारली आणि पळालो. गुन्हा दाखल झाला. काकींना चौकशीला बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि मी बसा म्हणायच्या आत बसल्या.

“साहेब, मी जालला असता त तुमच्या तोंडावं सांगितला असता,” त्या म्हणाल्या. “आमचे गावान हलद होती. हलद सोरून कोन जाईल टेकरीवं?”

मुद्दा बिनतोड होता. आगरी गावातली हळद ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्या संध्याकाळी गावातलं कुत्रंसुद्धा मांडव सोडत नाही. पण कोर्टात हे चालत नाही. साक्षीदार सगळे गावचेच, म्हणजे काकींच्याच बाजूचे. मोबाइलचा टॉवर गावाला आणि टेकडीला एकच. हळदीचे व्हिडिओ ढीगभर मिळाले, पण त्यात नाचणारे दिसत होते. काकी मांडवामागे वड्यांच्या कढईपाशी होत्या, आणि कढईचा व्हिडिओ कोण काढतो?

“मना आत टाकाचा त टाका,” जाताना त्या म्हणाल्या. “पन सुनावनी झाल्यावं टाका. मी नसले त ते दिसा एक बाप्या तोंड उघराचा नाय.”

खरी गोम तिथेच होती. अटक झाली असती तर जामीन होईपर्यंत सुनावणी उरकली असती आणि टेकडी गेली असती. वरूनही फोन यायला लागले. “लवकर अटक करून टाका, म्हणजे वातावरण शांत राहील.” या वाक्याचा अर्थ खात्यात शिपायापासून सगळ्यांना कळतो. मी प्रत्येक फोनला “तपास चालू आहे, सर” एवढंच उत्तर दिलं. पोलिसाला एवढं उपयोगी वाक्य दुसरं नाही. मला राग आला होता, हे सरळच सांगतो. माझ्या ठाण्याचा शिक्का वापरून कुणी गावाचं तोंड बंद करावं, हे मला चालणार नव्हतं.

मी पुन्हा घटनास्थळी जायला निघालो. आमचा जीपचा ड्रायव्हर रोजच्यासारखा आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळत बसला. “तुझा गणपती उठला असेल तर निघूया का?” असं मी त्याला रोज चिडवायचो. त्या दिवशीही चिडवलं, आणि बोलता बोलता थांबलो. मला पोकलेनमधला तो पितळी खंडोबा आठवला.

वर जाऊन जळक्या केबिनमध्ये शिरलो. काच वितळलेली, सीटच्या नुसत्या स्प्रिंगा. समोर लोखंडी पट्टी होती, तिला दोन भोकं, आणि भोकं रिकामी. मशिनच्या हादऱ्यात देव पडू नये म्हणून तो तिथे नटबोल्टने पक्का केलेला होता. पंचांना बोलावून सगळी राख चाळून घेतली. पितळेचा कणसुद्धा नाही. डिझेलच्या आगीत पितळ हवेत विरत नाही, वितळलं तरी गोळा उरतोच. नटबोल्ट मात्र सापडले. केबिनच्या कोपऱ्यात, नट पुन्हा बोल्टला लावून, शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

“गाववाल्यांनीच लांबवला असेल, साहेब,” तिथे हजर असलेला मुकादम म्हणाला.

“जाळायला आलेला जमाव पाना घेऊन येतो?” मी विचारलं.

त्याच दुपारी टिटवाळ्याहून खबर आली. आमचा एक चहावाला खबरी होता. ऑपरेटर खोली खाली करून बायकोसह गावी निघाल्याचं त्याने कळवलं. आम्ही तडक गेलो. चाळीतली छोटी खोली, दाराशी बांधलेली गाठोडी. सगळं सामान बांधून झालं होतं, फक्त देव बांधायचा राहिला होता. कोनाड्यात घोड्यावरचा पितळी खंडोबा, कपाळाला ताजा भंडारा. धुराचा डाग नाही की ओरखडा नाही.

मी आवाज चढवला नाही. चौकशीत ओरडणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, ओरडण्याने समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, बाकी काही होत नाही. मी बूट बाहेर काढले, देवाला नमस्कार केला आणि खाली बसलो.

“दगड आले तशी उडी मारलीस ना? मग हे कसे आले?”

बायको दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो भिंतीला टेकला आणि रडायला लागला.

“मालक म्हनले, मशिन जुनं झालंय, विमा हाय, गावावर नाव येईल. न्हाई म्हनलो असतो तर काम गेलं असतं. पर सायेब, देवाला कसं जाळू वो?”

मशिन जाळलं, निरपराध बाईविरुद्ध खोटा जबाब दिला, ते सगळं त्याच्या हातून झालं. तेवढं एक झालं नाही. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून जबाब नोंदवून घेतला. मग कंत्राटदार आणि मुकादम या दोघांना अटक केली. वरचे फोन एकदम बंद झाले. खंडोबा मुद्देमाल म्हणून जप्त झाला. त्याला लेबल बांधताना आमच्या कारकुनाने आधी हात धुतले, आणि पुढे ड्रायव्हर रोज सकाळी जीपमधल्या गणपतीनंतर मुद्देमाल खोलीच्या दारातून खंडोबालाही उदबत्ती ओवाळू लागला.

सुनावणीला मी स्वतः बंदोबस्तावर होतो. मंडप भरलेला, व्यासपीठावर अधिकारी. काकी म्हणाल्या होत्या ते खरंच होतं, आधी गावातला एकही पुरुष उठेना. मग काकी उठल्या. विहिरीबद्दल बोलल्या, मळ्यांबद्दल बोलल्या. साहेब लिहून घेत होते. शेवटी त्या ऑपरेटरवर आल्या.

“मशिन जाललंन त्यो पोर्‍या वाईट नव्हता,” त्या म्हणाल्या. “त्याला देव जालवला नाय. त्यानं नट खोलले नि देव घरी नेला. आमचा देव ही टेकरी हाय, साहेब. ती आमी कशी खोलाची नि कुठं न्याची?”

लिहिणाऱ्या साहेबांचं पेन थांबलं. मग एकेक करून मागचे पुरुष हात वर करायला लागले.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की माणूस कितीही घसरला तरी कुठेतरी त्याचा हात अडतो. तपास करणाऱ्याने ती जागा शोधायची आणि सापडेपर्यंत वरचे फोन ऐकून घ्यायचे. परवा टिटवाळ्याला दर्शनाला गेलो होतो, येताना मुद्दाम त्या गावावरून आलो. टेकडी जागेवर आहे.