नवाबच्या दातांची तार

अक्काचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दूधवाला आधी आतला आवाज कसा आहे ते ऐकायचा, मगच हाक मारायचा. कुत्र्यांवर मात्र तिने कधी आवाज चढवला नाही. ती आणि तिचा थोरला भाऊ घरामागे लांब नाकाची, अस्सल जातीची कुत्री वाढवायचे. शी-मूत, अंघोळी, बाळंतपणं अक्काकडे. प्रदर्शनं आणि फुशारक्या दादाकडे.

त्यातला नवाब हा कुत्रा लहान होता तेव्हाच त्याचा खालचा जबडा आखूड निघाला. खालचे सुळे टाळूत रुतायचे, त्याला खाणं जाईना. डॉक्टरांनी तार बसवून सुळे बाहेर सरकवले आणि बजावून सांगितलं, की दात सरळ झाले तरी जबडा आखूडच राहणार आणि तो पिल्लांतही उतरेल, याची पिल्लं घेऊ नका. दादाने नंदीबैलासारखी मान डोलावली.

आणि तार निघाल्यावर हा पठ्ठ्या नवाबला घेऊन प्रदर्शनात हजर! तिथे दात बघायचे ते तोंड मिटवून, नुसते ओठ वर करून. दात जागेवर दिसले, बक्षीस मिळालं, दादा जमिनीवर राहीना. अक्का लेकीकडे गेली तेवढ्यात त्याने घरच्याच कुत्रीशी नवाबचा क्रॉस उरकून घेतला. लाज म्हणून काही असते, ती याने कुठे ठेवली होती देव जाणे.

तीन पिल्लं झाली. दात फुटले तशी ती खाण्याकडे धावायची, ताटलीत तोंड घालायची आणि कळवळून मागे सरायची. अक्काने एकाचा जबडा उघडला. टाळूला दोन खड्डे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा म्हणतो कसा, दुधाचे दात आहेत, पडतील, नाहीतर तार आहेच की.

त्याच दुपारी एक गृहस्थ आपल्या कुत्रीचा नवाबशी क्रॉस करायला तिला घेऊन आले. दादा कडक इस्त्रीच्या शर्टात नवाबचे ओठ वर करून दात दाखवत होता. अक्का पिल्लू घेऊन आली आणि तिने दादाचं मनगट धरलं.

"ओठ पुरे झाले. याचं तोंड उघड, आत बोट घाल."

दादा पाहुण्यांकडे बघून हसला, आमची अक्का अशीच म्हणाला. अक्काने मनगट सोडलं नाही. शेवटी त्याने बोट घातलं. खड्डा लागला, पिल्लू किंचाळलं. मग भुकेपोटी तेच बोट चोखायला लागलं. दादाचं हसू गेलं.

पाहुण्यांनी हळूच विचारलं, "हे नवाबचं?"

"हो," दादा म्हणाला. पाहुणे कुत्री घेऊन परत गेले.

नवाबचं ऑपरेशन करून त्याची पैदास कायमची बंद केली. पिल्लांचे सुळे उपटावे लागले. भूल चढेपर्यंत प्रत्येकाला मांडीवर धरायला अक्काने दादालाच बसवलं. पहिलंच पिल्लू थरथरायला लागलं, तेव्हा तो खिडकीकडे बघू लागला.

"तिकडे काय बघतोस?" अक्का म्हणाली. "इकडे बघ."