बहिरूची पाठ

बॉक्सिंग म्हणजे नुसती मारामारी, आणि ती तर बांधावर फुकट बघायला मिळते, असं आमच्या कासार आंबोलीचं ठाम मत होतं. त्यामुळे बहिरू पलटणीत जाऊन बॉक्सर झाला याचं कौतुक कुणी केलं नाही. त्याचे वडील गेणबा पंचक्रोशीतले नावाजलेले पैलवान. पोरगा माती सोडून हातमोजे घालतो, हे त्यांच्या पचनी पडलंच नाही.

तरी छप्पन साली पुण्यात पलटणींच्या स्पर्धेत बहिरू अंतिम लढतीपर्यंत पोचला, तेव्हा मी गेणबांना मिनतवाऱ्या करून नेलं. बहिरू माझा लहानपणापासूनचा सोबती. आबांनी, म्हणजे गेणबांनी, एकदा आपल्याला जिंकताना बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्याच फेरीत समोरच्या शीख गड्याचा ठोसा बसला आणि बहिरू उताणा पडला. पंच आकडे मोजू लागले. दहाच्या आत उठलं की लढत पुढं चालू राहते. बहिरू उठला. तिसऱ्या फेरीत त्यानं त्या गड्याला असा लोळवला की दहा झाले तरी तो हलला नाही. पंचांनी बहिरूचा हात वर केला.

गेणबा उठले, रिंगणापाशी गेले, डोक्यावरचा फेटा सोडला आणि तो हरलेल्या गड्यापुढं धरला. आमच्या आखाड्यात फेटा जिंकणाऱ्याला देतात. तो बिचारा गोंधळून हात जोडत राहिला.

"तुजी पाठ लागली व्हती," ते बहिरूला म्हणाले. "पाठ लागली की कुस्ती संपली. मागनं उटून मारलंस, त्यात कसली मर्दुमकी?"

असा संताप आला मला त्या म्हाताऱ्याचा.

पुढं पलटण सोडून तो मुंबईत पैशावर लढू लागला. भायखळ्याला खोली, खानावळीत कोपऱ्यातलं ठरलेलं ताट, बोलायला कुणी नाही. भिंतींवर त्याच्या नावाचे कागद लागायचे, पण गावाकडचं कुणी ते वाचायला नव्हतं. स्थळं आली ती त्यानं परतवली. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा त्याची लढत पाहिली. तोल गेला की हा गडी हवेतच अंग वळवी आणि तोंडावर पडे. पाठ टेकवायचीच नाही. त्याचा उस्ताद ओरडून थकला होता. अशानं दोनदा नाक मोडलं, मग डाव्या डोळ्याची नजर गेली, आणि लढणं संपलं.

चौसष्ट साली तो घरी आला. सारजाकाकू, त्याची आई, आधीच वारली होती. गेणबा ओसरीवर बाजेवर पडून असायचे. दुपारी मी गेलो, तर बहिरू बाजेशेजारी घोंगडीवर पालथा झोपलेला.

"ह्यो असा पालथा का झोपतो रं?" गेणबांनी मला विचारलं.

बहिरू जागाच होता. उठून बसला. इतकी वर्षं मनात धरलेलं तो आता बोलला. "आबा, त्या दिसापासनं माजी पाठ एकदाबी लागली न्हाई."

"कुटल्या दिसापासनं?"

"पुण्याला तुमी आला व्हता. फेटा त्या सरदाराला दिला."

गेणबांनी आढ्याकडं पाहिलं. "पुन्याला आलो व्हतो खरं. येताना गाडी चुकली, घरापस्तोर चालत आलो. पाय लई दुखलं." मग त्यांनी बहिरूच्या तोंडाकडं पाहिलं, वाकड्या नाकाकडं, मिटल्या डोळ्याकडं. "फेट्याचं काय ध्यानात न्हाई बग. बोललो आसंन रागाच्या भरात. तू काय मनावर घेतलंस व्हय?"

"न्हाई आबा," बहिरू म्हणाला.

आणि तो पुन्हा पालथा झाला.