तळाच्या थराखालची गादी

माझी मुलगी घाटकोपरच्या मुलींच्या गोविंदा पथकात सगळ्यात वरच्या थरावर चढते. अंगाने काटकुळी, हट्ट मात्र माझ्यावर गेलेला. गेल्या वर्षी सरावात ती पडली. खालची स्पंजची गादी पार दबली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा चढणार म्हणाली. मी दोन दिवस अबोला धरला. तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पण गादी बनवणं होतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा गाळा आहे. तिथे आम्ही बुटांचे रबरी सोल बनवतो. मी रबराच्या उभ्या कप्प्यांची गादी करायला घेतली. उभ्या माणसाचा भार कप्प्याच्या भिंतीने पेलायचा, पण वरून कुणी आदळलं की दुमडून धक्का गिळायचा. सांगायला सोपं आहे. भिंत जाड झाली की गादी दगडासारखी, पातळ झाली की पुन्हा स्पंज. साचे बदलून बदलून कारागीर वैतागले, मी नाही. अखेर एका गादीवर माळ्यावरून वाळूची गोणी टाकली, तर गादीखाली ठेवलेली फरशी शाबूत राहिली. मी गाळ्यात पेढे वाटले. जरा घाईच झाली.

रविवारी सकाळी पटांगणात तीच गादी पसरली. तळाच्या बायका अनवाणी उभ्या राहिल्या, दुसरा थर चढला, तिसरा चढू लागला आणि तळाच्या पावलांखालचे कप्पे एकेक करून दुमडले. सगळा गोल डुलायला लागला. प्रशिक्षक बाईंनी सगळ्यांना झटपट उतरवलं. मी पडणाऱ्या मुलीचा विचार केला होता. तळाच्या बाईच्या खांद्यावर किती जणी असतात, हे विसरलेच. लहानपणापासून थर बघत आले, पण सगळ्यांसारखी कायम वरच बघत. मला भयंकर लाज वाटली.

मी गादी गुंडाळत होते, तेव्हा प्रशिक्षक बाई जवळ आल्या. माझ्याच वयाच्या, एकाच गल्लीत वाढलेलो आम्ही.

“कागदावरची गणितं राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “तळाला उभी राहा, मग कळेल.”

राहिले. पुढचे तीन रविवार, मान खाली घालून. खांदे सोलवटले, पण एक गोष्ट कळली: तळाची कुठलीच बाई एकटी भार घेत नाही. हात एकमेकींच्या खांद्यांवर गुंफलेले असतात, एकीचा भार शेजारणीकडे जातो. माझे कप्पे मात्र सुटे उभे होते. मी त्यांच्यावर चिवट रबराचा एकसंध थर बसवला, सगळ्यांना एकत्र बांधणारा.

नवी गादी आली, त्या दिवशीही मी तळालाच होते. पावलं खचली नाहीत. थर चढत गेले, आणि मग माझ्या मागे धप्पकन आवाज झाला. कोण पडलं, ते मला कळलं. मान वळवली असती तर वरच्या सगळ्या कोसळल्या असत्या. मी दात आवळून समोरच्या बाईच्या पायांकडे बघत राहिले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

“आई, हलू नकोस,” मागून आवाज आला. “मी परत चढतेय.”

आणि तिचं पाऊल माझ्या पाठीवर पडलं.