पानांच्या सहा पिशव्या

जगातली सगळी माणसं शेवटी मातीत जातात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र रोज सकाळी जायच्या आणि जेवायच्या वेळेला परत यायच्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी ऐरोलीच्या बागेत हास्यक्लबला गेल्या, काकू रबाळ्यामागच्या डोंगरावर गेल्या. त्यांच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी जंगलातल्या मातीचे डबे असतात, आणि झाकण वाचल्याशिवाय काही चाखायचं नाही हे मी एकदाच शिकले. त्यांच्या ओव्हनमध्ये केक कधी झालाच नाही. तिथे माती वाळते. मग जिन्यात एक धुरकट गोड वास पसरतो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी थांबून विचारतात, "काय स्पेशल आज?" काकू मनापासून सांगतात, "वणव्यानंतरची राख, साहेब."

मी फारशी बोलत नाही. काकूंना ते कधी खटकलं नाही. त्या चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवायच्या, "चोळ नुसती," म्हणायच्या, आणि त्यांच्या गॅलरीतली दुपार कधी सरली ते कळायचं नाही. 'कुजणं' या शब्दाला मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, कुजलं नाही तर पुढचं झाड खाणार काय?"

डोंगराच्या जळलेल्या उतारावर त्यांनी जाळीच्या सहा पिशव्यांत वाळकी पानं भरून पुरली होती. खुणेला लाल दोरा. दर दोन महिन्यांनी एक उकरायची, धुऊन वाळवायची, वजन करायचं: राखेच्या मातीत वर्षभरात पान किती उरतं? पाच झाल्या आणि काकूंचा गुडघा धरला. बंगळूरचा मुलगा रोज फोन करायला लागला. "सहावी निघाली की येते कायमची," त्या सांगायच्या. मी खिडकीबाहेर बघायचे.

सहावी आणायला मी एकटीच गेले. जागेवर नुसता खड्डा होता. पायथ्याच्या झोपडीतल्या आजींना विचारायचा धीर करायला मला पाऊण तास लागला.

"ती तुझी गो? लाल दोरा बघून मला वाटला, कुनी करनी पुरली हाय. दोन महिने झाले काढून. जाळली नाय, अंगावर उलटते."

पिशवी कुंपणावर लटकत होती, हळदकुंकू लावलेली.

हळद झटकली असती तर पिशवी दोन महिने मातीबाहेर होती हे काकूंना कदाचित कळलंही नसतं. पण खरं सांगितलं तर काम पुन्हा करावं लागणार, काकू राहणार. म्हणूनच परतताना मला माझ्या खरेपणाचा जरा संशय आला. तरी सांगितलं.

काकूंनी एक पान बोटांत चोळलं. मग वहीत लिहिलं, 'सहावी: पूजेला बसली,' आणि त्यांना हसू आवरेना.

"पुन्हा सुरू करू. मुलाला सांगते, अजून एक वर्ष."

"आणि दोरा?"

"दोरा नको. त्या आजींना दाखवून पुर."

आता काकू गॅलरीतूनच डोंगर बघतात. तो धुक्यात गेला तरी त्याच दिशेला बघत बसतात. या वेळी त्यांनी सहा पिशव्या भरून दिल्या. मी घरी बसून आणखी एक शिवली.

आजींनी खड्ड्यांवरून बोट फिरवत मोजलं. "सहा बोललीस ना? ही सातवी कशाला गो?"

"असू दे," मी म्हणाले, आणि तिच्यावर हळूच माती लोटली.