लादीवरच्या खडूच्या रेघा

वसुंधराबाईंची व माझी ओळख बडोद्याच्या मांजलपूर भागातील महिला मंडळाच्या प्रौढ वर्गात झाली. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसत असू. मी अक्षरे गिरवीत असे आणि त्याही गिरवीत. परंतु त्यांच्या पाटीच्या कोपऱ्यात रोज शिकविणाऱ्या बेनचा चष्मा, नाही तर कोणाची तरी वेणी उमटलेली दिसे. पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या नणंदेची, निरुपमाताईंची, वसुंधराबाईंनी कोळशाने काढलेली चित्रे लावलेली होती. खाली लादीवर एका स्टुलाच्या पायांभोवती आणि पुढे दोन पावलांभोवती पांढऱ्या खडूच्या रेघा होत्या. बाकीची लादी लख्ख पुसलेली होती. "त्या रेघा ओलांडून या हं," असे खुद्द निरुपमाताईंनीच मला दारात बजावले. त्या रेघांची हकीकत अशी आहे.

वसुंधराबाई तरुणपणी बडोद्यातील एका चित्रकला विद्यालयात केर काढण्याच्या कामाला लागल्या. तेथे मुलांपुढे बसण्यासाठी एक म्हातारे गृहस्थ येत आणि मुले त्यांना पाहून चित्र काढीत. एके दिवशी ते आलेच नाहीत. शिक्षकांनी वसुंधराबाईंना झाडू बाजूला ठेवायला सांगून स्टुलावर बसविले.

"बेन, फक्त हलायचं नाही," ते म्हणाले.

चहाच्या सुटीनंतर पुन्हा नेमके तसेच बसता यावे म्हणून एका मुलीने त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढली. लग्न झाल्यापासून वसुंधराबाई इतका वेळ स्वस्थ कधी बसल्या नव्हत्या. उठल्यावर त्यांनी सगळी चित्रे फिरून पाहिली. एकाने त्यांना काळ्या ठिक्कर केले होते, एकीने हिरव्या, तर एकाने त्यांची मान सुरईसारखी लांब काढली होती. त्यांना हसू आवरेना. आणि तरीही प्रत्येक चित्रात त्या होत्याच.

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षे बसल्या. बसल्या जागेवरून त्या मुलांचे हात पाहत. केरात निघालेले कोळशाचे तुकडे त्या पदराला बांधून घरी आणू लागल्या. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी पातेली काढली, चपला काढल्या, दोरीवर वाळणारे लेंगे काढले. बोटे काळी झाली की त्या दिवशी भाजीसुद्धा गुणगुणत चिरीत. एकच इच्छा राहिली होती. आपण इतक्या जणांपुढे बसलो, तसे कोणी तरी एकदा आपल्यापुढे बसावे.

यजमान लक्ष्मीकांतराव रिफायनरीतील पाळी संपवून येत. ते आनंदाने बसले आणि बसताक्षणीच घोरू लागले. मग राहिल्या त्या घरातील थोरल्या, निरुपमाताई.

"वन्सं, थोडा वेळ बसता का समोर?"

"बसायला मी पाहुणी आहे का? तू बसून पगार घेतलास, बाई. आम्हाला नाही जमायचं ते."

"बसून कंबर किती दुखते, ते तरी कळेल."

"आणि माझ्या तोंडात काढण्यासारखं आहे तरी काय?"

"नाक आहे."

निरुपमाताईंनी नाकाला हात लावून पाहिला. अखेर तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा सोलून होईपर्यंत बसण्याचे त्यांनी कबूल केले. वसुंधराबाईंनी रीतीप्रमाणे स्टुलाभोवती आणि नणंदेच्या पावलांभोवती खडू ओढला. शेंगा संपल्या, तेव्हा कागदावर नाक आणि एक डोळा एवढेच आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी नेहमीप्रमाणे सारी लादी पुसली आणि खुणा गेल्या. दुपारी ताई पुन्हा शेंगा घेऊन बसल्या, तेव्हा स्टूल जरा तिरके मांडले गेले, उजेड दुसऱ्या गालावर आला आणि चित्रात हनुवटी दोनदा निघाली. वसुंधराबाईंनी पुन्हा खुणा केल्या. सकाळी लादी पुन्हा कोरी.

"स्वयंपाकघरात रेघोट्या शोभतात का?" ताई म्हणाल्या.

दोन हनुवट्यांचा तो कागद वसुंधराबाईंनी दाराच्या मागे टाचून ठेवला आणि नवा घेतला. येता-जाता ताई त्या कागदापुढे थबकत, हे मात्र त्यांनी पाहिले होते.

मग एका दुपारी निरुपमाताई आपण होऊन स्टुलावर येऊन बसल्या. मांडीवर शेंगा नव्हत्या. केस चापूनचोपून विंचरलेले, अंगावर ट्रंकेतले जांभळे रेशमी पातळ.

"वन्सं, कालचंच नेसा ना."

"ते मळकं? जगाला दाखवायला?"

"जग कुठलं आलंय? इथेच भिंतीला लावणार आहे."

"म्हणजे मलाच रोज बघावं लागणार. थांब, बदलून येते."

त्या बदलून आल्या, वसुंधराबाईंनी पुन्हा खडू ओढला आणि ताई खरोखरीच हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने ओठ न हलविता म्हणाल्या, "नाक मोठं काढू नकोस."

"आहे तेवढंच काढते."

"म्हणून तर सांगतेय."

खिडकीतला उजेड उतरला, तेव्हा चित्र अर्धे झाले होते. ताई कंबर धरून उठल्या. वसुंधराबाईंनी खाली बसून खडूच्या रेघा पुन्हा एकदा ठळक केल्या आणि वर पाहून म्हणाल्या,

"वन्सं, उद्या लादी पुसाल, तेव्हा एवढ्या खुणा राहू द्या."