विम्याची टाचणी

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. अतिशहाणपणा अंगाशी कसा येतो ते ऐकायचं असेल तर खुर्ची जवळ ओढा. फक्त मध्येच हसू नका, माझी गाडी रुळावरून घसरते.

माझा डावा पाय नकली आहे. गुडघ्याखालचा. ऐन पंचविशीत शेतातल्या ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरने खाल्ला. पण मी चालतो असा, की सावद्यात केळीच्या व्यापारात उभा जन्म गेला तरी अर्ध्या गावाला पत्ता नाही! त्याचा मला भारी अभिमान. पँट जरा लांब शिवायची आणि छाती काढून चालायचं, एवढंच.

तर पन्नाशी उलटली तशी सुनंदाने, म्हणजे आमच्या घरच्या सरकारने, धोशा लावला. "हेल्थ इन्शुरन्स काढा. उद्या तुमाले काही झालं तर मी कोनाच्या दारात जाऊ?"

तिचं बरोबर होतं. मुलगी सासरी, घरात आम्ही दोघंच. मोठा दवाखाना लागला तर केळीचा मळा विकायचा का? म्हणून दोन कंपन्यांकडे विचारलं. दोन्हीकडच्यांनी पायाचं ऐकलं आणि नको म्हणाले. अहो, पाय गेला तो गेला! त्याला आता काय ताप येणार आहे, का त्याचं अपेंडिक्स काढायचंय?

तिसरी कंपनी आणली आमच्या गल्लीतल्या हेमंतने. तो एजंट. म्हणाला, "काका, जळगावला मेडिकल होईल. डॉक्टर विचारतील ते सांगायचं, बस."

आता यात अवघड काही आहे का? पण मी पडलो व्यापारी. मनाशी ठरवलं, विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुनंदा म्हणाली, "कशाले लपवता? सांगी द्या ना सरळ."

"तुले नही समजत. पाय सांगितला की पॉलिसी गेली."

"भल्ले हुशार!" एवढं बोलून ती गप्प झाली. ही बाई भांडता भांडता गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजतंय. मी समजलो नाही.

महिना मे. आमच्याकडचा मे माहीत आहे ना? डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात मी जाड मोजे आणि बूट घालून एसटीत बसलो. कंडक्टर धुळ्याकडचा होता. माझ्या पायांकडे बघून म्हणतो, "कोनं लगीन शे, भाऊ?" म्हणे कुणाचं लग्न!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. वजन झालं, बीपी झालं, रक्त घेतलं, छातीला वायरी लावून झाल्या. पायाचं नाव नाही! मी मनातल्या मनात पेढे वाटायला घेतले.

"काका, बूट-मोजे काढा."

घ्या! उजवा मोजा मी ऐटीत काढला. डावा तसाच ठेवला.

"तो?"

"त्या पायाला गारवा सोसत नाही, डॉक्टर."

"मे महिन्यात?"

"गारवा तो गारवाच!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं. "बरं, राहू द्या. इथे आडवे व्हा आणि डोळे मिटा. मी पायाला टाचणी लावते. टोचलं की सांगायचं."

आता बघा माझं डोकं कसं चालतं ते. उजव्याला टोचलं तर मला कळणारच. म्हणजे काहीच कळलं नाही तर टाचणी डाव्याला आहे. मग तेव्हा तर बोंबलायलाच हवं! आहे की नाही साधं गणित?

"आता?"

काही जाणवलं नाही. म्हणजे डावा! "टोचलं!"

"आता?"

पुन्हा काही नाही. "टोचलं, टोचलं!"

"आता?"

"आई गं! जरा हळू की, बाई!" म्हणत मी डावा पाय झटकलासुद्धा. तो टेबलाच्या पत्र्यावर असा आदळला, की बाहेरचे पेशंट डोकावले.

एकीकडे ओरडतोय आणि एकीकडे विचार करतोय, ही बाई डाव्याच्याच मागे का लागली? उजव्याला एकदा तरी टोचावं! पण म्हटलं, आपल्याला काय, आपण ओरडत राहू.

"उघडा डोळे."

उघडले. टाचणी माझ्या उजव्या अंगठ्याला टेकलेली होती. अजूनही! मी ती डोळ्यांनी बघत होतो आणि पायाला मात्र काही कळत नव्हतं.

"काका, डाव्याला मी हातही लावलेला नाही," बाई म्हणाल्या. "तो नकली आहे हे तुमच्या एजंटने अर्जातच लिहिलंय. कंपनीला त्याचं काही नाही. मी तपासत होते तो उजवा. याला कधीपासून कळत नाही?"

काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. चालता चालता उजवी चप्पल मागे राहायची, तर मी चपलेला शिव्या द्यायचो. घाबरलो हो, खरंच घाबरलो. एकच तर उरलाय!

रक्ताचा रिपोर्ट आला. शुगर! तीही बरीच जुनी, गुपचूप बसलेली. बाई म्हणाल्या, "अजून जखम नाही, तेवढं नशीब समजा. हा पाय जपा. डावा दुसरा बनवून मिळेल, हा नाही मिळायचा."

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. "हेमंतले मीच सांगितलं होतं," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली! मग एकदम खाली बसून रडायला लागली. तिचं बघून मीही.

पॉलिसी मिळाली म्हणा. डाव्या पायासाठी एक पैसा जास्त घेतला नाही. हप्ता वाढला तो शुगरमुळे, वर शुगरच्या दुखण्याचे पैसे मिळायला काही वर्षं थांबा म्हणाले. कंपनीने नकली पाय पास केला, नापास झाला तो अस्सल!

आता डॉक्टरांच्या हुकमाने घरात रोज सकाळी माझी मेडिकल असते. मी खुर्चीत डोळे मिटून बसायचं, उजवा पाय स्टुलावर. सुनंदा तळवा नीट बघते, मग बोटांना कापूस लावून विचारते. पथ्य सुरू आहे, गोळ्या सुरू आहेत, म्हटलं फरक पडलाच असणार.

परवा तिचा आवाज आला, "लागलं का?"

मी छातीठोक सांगितलं, "लागलं! अंगठ्याले!"

डोळे उघडले तर सुनंदा पार तिकडे ओट्यापाशी उभी. हातात गाळणी. चहाचं नव्हे, पायाचंच विचारत होती. फक्त जागेवरून हललीच नव्हती; कापूस पायाला लागलाच नव्हता.