लाल उजेडातलं फुरसं

"लाल दिवो लागलो काय दार उघडूचा नाय. तुझो बापूस इलो तरी नाय," आनंदी सांगत होती.

"आणि आग लागली तर?" सारिकेने विचारलं.

"मी जळलंय तर जळलंय. प्लेटी वाचाक व्हयेत."

सारिका नवीनच लागली होती. पहिल्याच आठवड्यात आनंदीने तिला आतून हाक मारून दार उघडायला लावलं आणि उघडल्यावर झाप झाप झापलं. नव्या माणसाची ही तिची परीक्षा.

आनंदी आचऱ्याची, बाबली काजूवाल्याची लेक. लग्न होऊन कणकवलीला आली आणि गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे काजू नाही, काचा करतात. काचेच्या प्लेटीवर जिलेटिनचा पातळ थर ओतायचा, त्यात उजेड ओळखणारं नारिंगी रसायन. मग एकाच लेझरचे दोन किरण त्या थरावर एकमेकांत मिसळायचे. मिसळतात तिथे उजेड-काळोखाच्या रेघा उमटतात, केसाच्या जाडीत पन्नास-साठ बसतील इतक्या बारीक. धुऊन वाळवली की ती काच पांढऱ्या उजेडातले रंग सुटे सुटे करून दाखवते. रंग तपासणाऱ्या यंत्रांत बसवतात.

रेघ उमटेपर्यंत खोलीत काही हलता कामा नये. म्हणून यंत्र काळ्या दगडाच्या जाड लादीवर, लादी वाळूवर आणि वाळूची पेटी फुगवलेल्या ट्यूबांवर. काम चालू असताना लादीला बोट लावलं म्हणून आनंदीने एकदा खुद्द मालकाला, सत्यवानाला, बाहेर काढलं होतं. थराला लाल उजेड कळत नाही, म्हणून आत तेवढाच एक दिवा चालतो; तो लावला की खुणेचा एक दाराबाहेरही लागतो. बाकी काळोख.

त्या दुपारी तिने लेझरचं झाकण उघडलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. श्वाससुद्धा मोजून.

तेव्हा तो आवाज आला. बोथट करवत लाकडावर हळूहळू घासावी तसा.

हा आवाज तिने बापाच्या काजूच्या बागेत ऐकला होता. बाबली पाचोळा ओढत होता, त्यातलं फुरसं बोटांना चावलं, हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त थांबेना. माणूस वाचला, दोन बोटं गेली. पुढे त्याच हाताने जेवताना तो भात सांडायचा आणि पोरांवर ओरडायचा.

तिने मान न हलवता खाली बघितलं. चिऱ्याची जमीन लाल, दिवा लाल. त्या उजेडात माती, पायपुसणं, रबरी नळी सगळं एकाच रंगाचं. मातकट फुरसं त्यात कुठे शोधायचं? आवाज मात्र दाराकडून येत होता आणि पांढऱ्या दिव्याचं बटण दाराशीच.

आवाज थांबला. ते जास्त वाईट. आता कुठे आहे तेही कळेना. मग पुन्हा सुरू झाला, स्टुलाच्या अगदी जवळ.

"सारिका, दार उघड."

"लाल दिवो आसा," बाहेरून उत्तर.

"उघड म्हणतंय ना."

"आज नाय फसूचंय मी, आनंदीताय."

"जनावर आसा गो हय."

"गेल्या खेपेक पाल म्हणालंस."

आनंदीने पाय वर घेतले तसं स्टूल डुगडुगलं. खाली करकर वाढली. तिने लादीची कड धरली आणि अंग वर ओढलं. लादीवरचा, किरण वळवणारा आरसा आडवा झाला, लेझरचा ठिपका भिंतीवर उडाला. ती गुडघे पोटाशी घेऊन लादीवर बसली. खालून ट्यूबा हलत होत्या, तिच्याच थरथरीने.

काळोखात त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की येतं, हे आचऱ्याच्या घरात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. जनावर म्हणायचं, फार तर लांबडा. आनंदीने आयुष्यात काळोखात ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"फुरसा आसा," ती म्हणाली. "सारिका, फुरसा."

त्या नावानं कोणी मस्करी करत नाही. दार उघडलं, पांढरा दिवा लागला. स्टुलाच्या पायाशी ते वेटोळं करून अंगाला अंग घासत होतं, वीतभर लांब. सारिकेच्या हाकेसरशी धावत आलेल्या सत्यवानाने लांब पाइपाने ते बादलीत लोटलं आणि वर फळी टाकली.

थर वाळवून तयार ठेवलेल्या सगळ्या प्लेटी उजेडाने गेल्या होत्या.

"सांडपाण्याच्या भोकातून इला," सत्यवान म्हणाला. "आता सिमेंट भरतंय."

"ह्या पिल्लू," आनंदी म्हणाली. "बाकीची खंय आसत?"

सत्यवानाने बादलीवरच्या फळीवर एक चिरा ठेवला. "आज रवांदे. घरी जा. उद्या बघूया."

"आज परत आत नाय गेलंय तर उद्या माझे पाय आत पडाचे नाय."

तिने जिलेटिन गरम करायला ठेवलं. पहिला थर वाकडा बसला, तो पुसून काढला. दुसरा बरा आला. ओल्या थराला उजेड बाधत नाही; तो वाळायला लागेस्तोवर विजेरी घेऊन खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला, लादीखाली वाकून पाहिलं, ट्यूबांमधल्या फटी पाहिल्या. सगळ्या फटी दिसल्या असं तिला वाटलं नाही.

"मी आत येव?" सारिकेने विचारलं.

"नको. दोघी कापाक लागलंव तर प्लेट गेलीच."

थर वाळायला लागला तसा पांढरा दिवा मालवला. लाल उजेडात जमीन पुन्हा एकाच रंगाची झाली. आनंदीने आरसा सरळ केला, प्लेट बसवली आणि स्टुलावर बसली. पाय वर घ्यावेसे वाटत होते, पण वर घेतले की स्टूल हलतं. तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि झाकण उघडलं.